खिडकीशी जांभळा, ट्यूबखाली निळसर

बाबा, तुझे डोळे चांगले होते. तू गेलास तोपर्यंत चांगलेच होते.

काल वायरमन आला होता. स्वयंपाकघरातली ट्यूब बघून म्हणाला, "आंटी, अब कौन लगाता है ये? एलईडी डालो." मी म्हटलं, "तुझ्या घरी डाल." ट्यूब राहिली. तिच्याखाली फळीवर ती बाटली आहे, तू झाकणाला लावलेल्या मेणासकट. नोकरी सोडताना मी ती उचलून आणली. निओडिमियम क्लोराइड. सकाळी खिडकीतल्या उजेडात आतले खडे जांभळट दिसतात, कोकमाच्या पातळ सरबतासारखे. संध्याकाळी ट्यूब लागली की तेच खडे फिकट निळसर. बटण दाबताना मी बाटलीकडे पाठ करते.

चांदीप गावातली शेती भावाच्या हवाली करून तू रसायनांच्या कारखान्यात लॅब अटेंडंट झालास, मला कॉन्व्हेंटात घातलंस, आणि मी त्याच लॅबमध्ये केमिस्ट म्हणून आले. तिथे मी तुला बाबा म्हणत नसे. आपल्याकडची दमट हवा लागली की ते खडे पाणी ओढून पाघळतात, म्हणून तू खिडकीशी बसून घाईघाईने बाटल्या भरायचास, मेण लावायचास आणि वहीत रंग लिहायचास: जांभळा. त्या दिवशी मी आतल्या टेबलावर, ट्यूबखाली बघून तो खोडला आणि निळसर लिहिलं.

"बाय, खिडकीशी आन ते, मंग बोल."

"मला शिकवू नका."

साहेब वैतागून आले. कोणाचं खरं? मी म्हणाले, "यांना नीट दिसत नाही."

खिडकी चार पावलांवर होती. त्या साहेबाला तेवढंही चालवलं नाही! दुसऱ्या दिवशी तुला गेटवर बसवलं. तुझाही राग येतो मला. वीतभर बांधासाठी गावाशी भांडणारा तू, तिथे का नाही भांडलास? उलट घरी आईला म्हणालास, "पोरगी शिकलेली हाय, खोटं कशाला बोलंल? डोलेच गेले माझे." सायकल भिंतीला टेकवलीस ती कायमची. रस्ता ओलांडताना आईचा हात धरू लागलास. ताटातला मासा काट्यांसाठी चाचपू लागलास.

प्रकाश बदलला की या क्षाराचा रंग बदलतो, हे मला तू गेल्यानंतर कळलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. आईलाही तेच सांगितलं. हे पत्र कुठेच पोचायचं नाही म्हणून लिहिते: तू गेटवर बसत होतास तेव्हाच मी ते पुस्तकात वाचलं. बाटली घेऊन खिडकीशी गेले, परत ट्यूबखाली आले, परत खिडकीशी गेले. सुटी झाल्यावर गेटवर आले, तर तू डोळे बारीक करून विचारलंस, "कोन, बाय?"

"हो," म्हणाले आणि पुढे चालू लागले. पुस्तक पिशवीतच होतं.