काळ्या डोहाखालचं राज्य

चाकूर,
ता. ९ फेब्रुवारी १९८६

चि. उद्धव यास नागुआक्काचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

त्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, शेळीला पाला टाकला, नदीवरून पाणी आणलं आणि चुलीतली राख काढत बसले होते, तेव्हा आबांनी देव्हाऱ्यातले देव उचलून मायच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधले. नागपूरहून दीक्षा घेऊन ते नुकतेच आले होते. बोचकं हलकं होतं. ते तरंगू नये म्हणून त्यांनी मायकडं काहीतरी जड मागितलं. माय चटणी वाटत होती. तिनं हातातला वरवंटा धुतला आणि दिला. रडणं नाही, भाषण नाही. आबा पुढं आणि टोपली डोक्यावर घेऊन मी मागं. काळ्या डोहाच्या खडकावरून बोचकं सोडलं आणि घरी येऊन मी राहिलेली भांडी घासली. मायनं मात्र तो वरवंटा आबांना जन्मभर ऐकवला. शेजारणीचा मागून आणला की म्हणायची, देव गेले त्याचं काही न्हाई, माझा दगड कशापायी नेला. तू तेव्हा अंगणात रांगण्यापलीकडं नुकता गेलेला. तुला यातलं काही आठवायचं नाही.

हे आज आठवलं, कारण डोह उघडा पडला असं तू लिहिलंस. आपण गावी असेपर्यंत त्याचा तळ कुणी पाहिला नव्हता. इथंही तेच. वसतिगृहाच्या आडात बादली नुसती खडखडते. पोरांच्या भाकरी मी थापते, पण पीठ भिजवायला टँकरची वाट पाहावी लागते. रिकाम्या वेळात पोरांनी टाकून दिलेली इतिहासाची पुस्तकं वाचते. वॉर्डन म्हणतात, नागुबाई, तुम्ही आता परीक्षेलाच बसा.

पंचशीलेला तुझ्याकडं ठेवलंय ते तिनं शिकावं म्हणून. अकरावीचा अभ्यास करते का, की मामाच्या घरी लाडावली? तिला म्हणावं, नर्सिंगला जायचं असेल तर रसायनशास्त्र पाठ झालं पाहिजे.

आणि साहेब, पत्त्यावर जि. लातूर लिहीत जा. नवा जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, तू अजून उस्मानाबादच लिहितोस. तुझं पत्र तिकडं फिरून, दमून माझ्याकडं येतं. सरकारी कारकुनालाच हे कळू नये?

विनीताला आशीर्वाद. माया करत राहा, कमी झाली तर मी वसुलीला येईन.

तुझी,
नागुआक्का

॰

नांदेड,
ता. २० फेब्रुवारी १९८६

ती. नागुआक्कास उद्धवचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. पंचशीला बरी आहे. विनीता भोकरला माहेरी गेली आहे. तिच्या आईनं अंथरूण धरलंय. घर आम्ही दोघं मामा-भाची चालवतो.

आता जे लिहितो त्याला हसू नकोस. आपल्या डोहावर विरूपाक्ष गुरुजी येऊन राहिले आहेत, उदगीरकडचे. ते सांगतात की नदीच्याही आधी इथं नागांचा देश होता. आपल्या पूर्वजांचा. तिथं कुणी उंच नाही, कुणी नीच नाही. एक शब्द होता, तो उच्चारला की ढग थांबायचे. मग दगा झाला, देश पाण्याखाली गेला आणि जे वाचले ते गावकुसाबाहेर फेकले गेले. म्हणजे आपण. त्या देशाचं दार काळ्या डोहात आहे. दुष्काळानं ते उघडं पडलंय. विष्णुपुरीचं धरण भरलं की पुन्हा बुडेल, कायमचं. पाणी कुठपर्यंत चढणार त्याचे नकाशे माझ्याच टेबलावर असतात, म्हणून मला ते जास्त लागतं.

आक्का, कचेरीत माझा पाण्याचा ग्लास अजून वेगळा ठेवतात. कुणी बोलत नाही, पण ठेवतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला सांगितलं की आपण कुणाच्या दयेनं इथवर आलेलो नाही, आपलंही राज्य होतं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या नावातसुद्धा नाग आहे, हे गुरुजींनीच दाखवून दिलं.

खडकाच्या कपारीत गाळ उकरताना चांदीचे तीन लहान पत्रे सापडले. एकावर घोडेस्वार, एकावर राणी, एकावर सात जणी रांगेत. घोडेस्वाराचा कोपरा चेमटला आहे. गुरुजी म्हणतात, शेवटच्या लढाईतला घाव. तुझ्या बोचक्याची मला आठवण आली, नाही असं नाही. पण आपल्या घरात चांदी कुठून असणार?

पंचशीलाही सुट्टीच्या दिवशी येते. तिच्यात काहीतरी आहे, असं गुरुजी म्हणतात.

तुझ्या मायेच्या सावलीत असलेला,
उद्धव

॰

चाकूर,
ता. १ मार्च १९८६

उद्धव,

जयभीम. आशीर्वाद आज मागू नकोस.

माझं नाव नागुबाई आहे, कारण मी नागपंचमीला जन्मले. एवढंच. सोमवारी जन्मले असते तर तुझ्या गुरुजींनी मला चंद्रावरची ठरवलं असतं.

तुझा घोडेस्वार म्हणजे आपला खंडोबा. राणी म्हणजे तुळजापूरची. त्या सात जणी साती आसरा, मायला फार भ्यायला लावायच्या. आजीच्या हातातले गोठ मोडून आजोबांनी ते टाक घडवले होते. होती चांदी आपल्या घरात, फक्त देवांच्या अंगावर होती, माणसांच्या नव्हती. म्हणून तर आबांनी ते बुडवले. आणि तो घाव तलवारीचा नाही, बाबा, तुझ्या दातांचा आहे. दात येताना तू खंडोबाला धरून चावायचास. माय तुझ्या तोंडातून देव काढायची, पदराला पुसायची आणि परत देव्हाऱ्यात ठेवायची. आता तूच त्यापुढं हात जोडून बसतोस. लाज वाटत नाही का रे?

राज्य होतं म्हणे! असेल. नसेल. आपले लोक कधी मोठे नव्हते असं मी म्हणत नाही, मीही चार अक्षरं वाचते. पण जे राज्य पाण्याखाली आहे तिथं ग्लास वेगळा ठेवत नाहीत, याचा तुला उपयोग काय? तुझा ग्लास तुझ्या टेबलावर आहे. तो उचल आणि सगळ्यांच्या ग्लासांत नेऊन ठेव. त्याला मंत्र लागत नाही, छाती लागते. आबांना होती. भरल्या गावासमोर त्यांनी देव बुडवले आणि दुसऱ्या दिवशी त्याच गावात कामाला गेले.

माझा हणमंता बहात्तरच्या दुष्काळात विहीर खोदायला उतरला. ज्या विहिरीचं पाणी आम्हाला शेंदू दिलं नसतं, ती विहीर. सुरुंग उशिरा उडाला. पाणी शोधायला खाली गेलेला माणूस मी एकदा दिलाय. त्याच्या पोरीत 'काहीतरी आहे' असं कुणी म्हटलं की मला धडकी भरते. तिच्यात काय आहे ते मी सांगते. तिच्यात अकरावीची परीक्षा आहे.

परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते ना? संपली की तिला दुसऱ्या दिवशीच्या एसटीत बसवून दे. तोवर डोहावर तिचं पाऊल पडता कामा नये.

माझा राग तुझ्यावर आहे, म्हणजे जीवही तुझ्यावरच आहे, एवढं समज.

नागुआक्का

॰

(पोस्टकार्ड)

चाकूर, ता. ८ एप्रिल १९८६

चि. उद्धव, जयभीम. परीक्षा संपली असेल. पंचशीला आली नाही, पत्रही नाही. इथं वसतिगृह बंद करायचं चाललंय. पाण्यावाचून पोरांना गावी धाडतायत, माझ्यावर भांडीकुंडी मोजून द्यायचं काम आहे, नाहीतर मीच आले असते. उलट टपाली कळव. पत्ता नीट लिही. — आक्का

॰

नांदेड,
ता. १२ एप्रिल १९८६

नागकुलभगिनी नागुबाई यांस पंचशीलेचं नागवंदन.

आम्ही आता नात्यानं हाक मारत नाही. गुरुजी म्हणतात, नात्यांनीच आपल्याला जमिनीला बांधून ठेवलं. म्हणून मायना असा आहे, राग मानू नये.

परीक्षेला मी बसले नाही. मामांनी तुम्हाला लिहू नको म्हटलं होतं, पण मला खोटं बोलायचं नाही. मला तो देश दिसतो. डोळे मिटले की हिरवं पाणी, त्याखाली पायऱ्या, आणि पायऱ्यांवर बाबा उभे असतात. पांढरा फेटा बांधलेले. हातात भरलेला तांब्या. ते मला नावानं बोलावतात.

मी बाबांना पाहिलेलं मला आठवत नाही. तुम्हाला काही विचारलं की तुम्ही पीठ मळायला घेता. इथं मात्र मला ते रोज भेटतात. मग मी इथं का येऊ नये, तुम्हीच सांगा.

चैत्री पौर्णिमेला मी डोहात उतरणार आहे. दाराला हात लावून यायचं आहे. त्यासाठी फक्त दुधावर आहे. भीती वाटत नाही.

पंचशीला

त्याच पाकिटात :

ती. आक्कास सा. जयभीम. पंचशीलेनं लिहिलंच आहे. तू येऊन डोळ्यांनी पाहावंस म्हणून वेळेवर कळवतो आहे. टाकांबद्दलही मी गुरुजींना तुझं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, आपल्या आजोबांच्या घरी तरी ते कुठून आले असतील? त्याच देशातून. याला तुझ्याजवळ उत्तर असेल तर घेऊन ये. — उद्धव

(पाकिटावर : मु. पो. चाकूर, जि. उस्मानाबाद)

॰

चाकूर,
ता. २९ एप्रिल १९८६

चि. सौ. विनीता हिस नागुआक्काचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या आईला आता उतार पडला असेल, अशी आशा करते. तू भोकरला अडकलेली, आणि तुझ्या घरात काय घडलं ते दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये, म्हणून लिहिते.

उद्धवचं पाकीट उस्मानाबाद बघून माझ्या हातात पडलं ते पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. वॉर्डनसमोर चाव्या ठेवल्या आणि म्हटलं, भांडी तुम्हीच मोजा. मिळेल ती एसटी धरत नांदेडला पोचले आणि तिथून डोहावर चालत गेले.

डोह कसला, विनीता. खडकाच्या बेचक्यात उरलेलं हिरवट पाणी, भोवती काळा गाळ. काठावर मांडव घातलेला. तांबड्या फडक्यावर आपले टाक मांडलेले, हळदकुंकू वाहिलेले. आबांनी ते पाहिलं असतं तर काय केलं असतं देव जाणे, असं लिहिणार होते, पण देवाचं नाव घ्यायची ही जागा नाही. माणसं पुष्कळ होती. आपलीच. रोजगार हमीच्या कामावरून उपाशीपोटी आलेली, डोळ्यांत आशा घेऊन बसलेली. त्यांचा मला राग आला नाही.

पंचशीला पांढरं पातळ नेसून पाण्याच्या कडेला उभी होती. गालफडं बसलेली. माझ्याकडं तिनं पाहिलं ते गर्दीतल्या कुठल्याही बाईकडं पाहावं तसं. उद्धव मला उत्तर विचारायला पुढं आला. मी त्याच्याशी बोलले नाही, कारण तेवढ्यात मला मांडवाच्या कनातीचा कोपरा दिसला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला होता. तो मायचा वरवंटा होता. एका अंगानं झिजलेला, माय डावखुरी होती म्हणून डाव्या अंगानं. चांदी निघाली तशी त्यांनी ती फडक्यावर मांडली आणि दगड निघाला तो कनातीवर टाकला.

मी तो उचलला आणि तशीच पाण्यात शिरले. गुरुजी ओरडले की विधवा बाईचा पाय लागला तर दार मिटेल. मी म्हटलं, मिटू द्या. छातीपर्यंत गेले. खाली पायरी नाही, दार नाही. गाळ आहे, गुडघ्याच्या वर धरणारा. तिथूनच मी पंचशीलेला सांगितलं की तुझ्या बापानं जन्मात फेटा बांधला नाही, डोक्याला पंचा गुंडाळायचा, तोही माझ्याकडून मागून. हणमंता या पाण्याखाली असता तर त्यानं आधी मला हाक मारली असती, आणि इतकी वर्षं मी ती ऐकायलाच बसलेय. माझ्याआधी तुला कशी मारेल?

मग मला पाय उचलता येईना. खरंच येईना, विनीता. जोर केला तशी आणखी खाली गेले, पाणी हनुवटीला लागलं. तेव्हा पंचशीला ओरडली. आई, म्हणून ओरडली. पाण्यात धावायला निघाली तशी बायकांनी तिला कवळ घातली, आणि तुझ्या नवऱ्यानं मांडवाचा बांबू उपटून पाण्यात उडी टाकली. बांबू आडवा धरून, स्वतः रुतत, त्यानं मला ओढून काढलं. गुरुजी तेव्हा धोतर सावरून खडकावर उभे होते. वर आल्यावर उद्धव म्हणाला, आक्का, तो दगड तरी सोडायचा होतास. मी म्हटलं, मायनं आबांना सोडलं का?

टाक मी तिथंच ठेवले. आपण एकदा बुडवले ते बुडवले.

पाणी बाटलं म्हणून गुरुजी दुसऱ्या गावी दार शोधायला गेले म्हणे. उद्धवचं मन फिरलं का, मला ठाऊक नाही. वाटेत तो एवढंच बोलला की तू म्हणालीस तसं ग्लासाचं करायला डोहात उतरण्यापेक्षा जास्त भीती वाटते. ते खरं बोलला, म्हणून मी ऐकून घेतलं. तू गेल्यावर त्याला रागावू नकोस, माझं रागावून अजून संपलेलं नाही, तेवढं पुरे आहे. त्याला पत्ता लिहायला मात्र शिकव.

पंचशीलेला घेऊन मी चाकूरला आले. एसटीत ती माझ्या खांद्यावर झोपली होती. परीक्षेचं पुढच्या वर्षी बघू.

तुझी माया आमच्यावर आहेच, तिच्यात आता माझ्या पोरीचाही वाटा धर.

तुझी,
नागुआक्का

ता. क. दुसऱ्या दिवशीचं लिहायचं राहिलं. सकाळी मी अंगण झाडलं, टँकरवर भांडून घागर भरून आणली, वरवंटा घासून धुतला, त्यानं लसणाची चटणी वाटली, आणि वाटता वाटता पंचशीलेला तिच्या बापाचं सगळं सांगितलं.