पुढच्या खाचेतला पेन ड्राइव्ह

प्रिय निमेश,

हे पत्र तुझ्या आईच्या मासळीच्या पाटीतून येतंय, तेव्हा वास आला तर मला बोलू नकोस. फोनवर मला हे जमलं नसतं, मी हसत सुटले असते. आज बोईसरच्या बाजारात पाटी उतरवता उतरवता तुझ्या आईनं, नलूमावशींनीच, बातमी दिली, ‘आता निमेश पालघरच्या दुकानात जानार हाय. तुज्याकडं गानी भरायला लय वेल लागतो, पोरी.’

फेब्रुवारीत तू आमच्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानात पहिल्यांदा आलास ते आठवतं? हळदीच्या मांडवात स्पीकर लावायचा धंदा नुकताच सुरू केला होतास आणि पेन ड्राइव्हवर गाणी भरायला तासन्तास लागतायत म्हणून वैतागला होतास. मी तो हातात घेतला तर जवळ्याचा घमघमाट! दमट हवेनं खराब होऊ नये म्हणून घरातल्या एकुलत्या एक घट्ट झाकणाच्या बरणीत, सुक्या जवळ्यात खुपसून ठेवला होतास. वर ते किती गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस! पितळी पट्ट्यांवर मिठाचा थर बसलेला. स्पिरिटनं पुसला, तशी निम्मी दुखणी गेली.

उरलेली निम्मीही सापडली. एकेक गाणं चार-चार फोल्डरांत होतं, आणि व्हायरस शोधणारा प्रोग्राम प्रत्येकाची झडती घेत बसायचा. मी जास्तीची गाणी काढून टाकली, एकदाच सगळं तपासून घेतलं. तोवर तू स्टुलावर बसून तुमच्या दातिवरे गावच्या गमती सांगत होतास, नवरदेवाच्या मामाचा नाच करून दाखवत होतास. कारखान्यातून आलेलं गिऱ्हाईकसुद्धा ‘भाई, एक बार और’ म्हणालं. मग दर शनिवारी तू यायला लागलास, डब्यात कधी तळलेले बोंबील, कधी कोलंबी. इतकं हसून घेतलं की आठवडा बरा जायचा रे.

पण उमरोळीच्या हळदीचं मला आजच तुझ्या आईकडून कळलं. तू माझ्याकडून निघालास तेच उशिरा, तिकडे मांडव भरलेला आणि गाणं नाही. नवरीच्या आत्यानं चारचौघांत तुला फैलावर घेतलं म्हणे. आणि तू मला एका शब्दानं बोलला नाहीस! आता गुरुवारी एडवणला हळद आहे. तिथेही असंच झालं तर किनाऱ्यावरच्या एकाही गावातून तुला सुपारी मिळायची नाही, हे मला कळतं. म्हणून आता खरं सांगते.

तुझा पेन ड्राइव्ह त्या पहिल्या दिवसापासूनच ठणठणीत आहे. आमच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावायची पुढे एक जुनी, सुस्त खाच आहे आणि मागच्या बाजूला निळी, चपळ. सगळ्या गिऱ्हाइकांचं काम मी मागे लावते, तुझं तेवढं पुढे. मालक हितेशभाईंनी एकदा हटकलंही. मी सांगितलं, मागे हात पोहोचत नाही. निळ्या खाचेत लावलं असतं तर तू पाच मिनिटांत उठून गेला असतास, आणि मला ते नको होतं. मला तू आवडतोस, निमेश. पण त्यापायी तुला चारचौघांत बोलणी खावी लागली, याची मला फार लाज वाटते. रागावलास तर खुशाल पालघरला जा, तिथल्या माणसाला मागच्या निळ्या खाचेत लावायला सांग, काम झटपट होईल. नाहीतर बुधवारी इकडे ये. पाच मिनिटांत गाणी भरून देते. त्यानंतर बसायचं की निघायचं, ते तू ठरव.

तुझीच (लिहिलं एकदाचं!),
भाविका