गाळणीत अडकलेल्या वन्सं

तीर्थरूप वन्सं यांच्या पायांवर धाकट्या भावजयीचं डोकं, आणि तुम्हाला जो राग आला आहे त्यालाही वेगळा नमस्कार, कारण तो वयानं लहान असला तरी मानानं मोठा आहे.

इकडे आम्ही सगळे देवाच्या कृपेनं बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे, तुमचे बंधू रक्तदाबाची गोळी घेऊन बरे आहेत आणि कॉम्प्युटर उघडून, पुसून, पुन्हा मिटल्यापासून बरा आहे. तुमच्या डोळ्यांची, गुडघ्यांची आणि मांजराची खुशाली कळावी. डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यामुळे हे पत्र तुम्हाला बाळ वाचून दाखवणार हे मी धरून चालले आहे. (बाळा, आधी तुझ्या आईचा टॅब्लेट दुसऱ्या खोलीत ठेवून ये. तो ऐकलेलं सगळं लिहून काढतो आणि मग मलाच पाठवतो. आणि कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही, ते तुझ्यापुरतं आहे.)

तुमचा निरोप बाळानं पोचवला. येत्या मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊन, बाळ कामावर गेला की तुम्ही आपल्या घरी एकट्या पडून राहणार, थेंब घालायला शेजारीण येणार, आणि ‘मला माहेर होतं, आता नाही’. निरोप ऐकून मी लगेच फोन लावला, तर माझा आवाज ऐकताच तुम्ही तो ठेवलात. (ऐकू कमी येतं म्हणतात, पण माझा आवाज तेवढा बरोबर ऐकू येतो. हे नकोच वाचूस.) मेलही लिहून पाहिली. ती का गेली नाही ते पुढे येईलच. म्हणून आता कागद. कागदाला कोणी अडवत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

वन्सं, मी मॅट्रिक. पण घरात कॉम्प्युटर आल्यापासून त्या विषयात माझी काही मतं झाली आहेत, आणि ती ऐकायला इथे कोणी बसत नाही. तुम्ही डोळे मिटून पडलेल्या असाल तर ऐका. माझं पहिलं मत असं की कॉम्प्युटर हे शिलाई मशीनच्या जातीचं यंत्र आहे. ते जुनं होत नाही, मळतं. पंख्याचा आवाज वाढला की लोक नवीन घ्यायला धावतात. मी तुमच्या बंधूंचा दाढीचा जुना ब्रश घेते, चार स्क्रू काढते आणि आतली धूळ झाडते. (निघालेली धूळ पाहिली तर आपण त्या खोलीत श्वास कसा घेत होतो असं वाटतं.) आत मेमरीची एक पट्टी असते, कॉम्प्युटरची तात्पुरती आठवण म्हणतात ती हीच. तिच्या सोनेरी कडेवर मळ चढला की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, नुसता पीं पीं करतो. पट्टी काढून ती कड शाळेच्या खोडरबरानं हलक्या हातानं घासावी. दुरुस्तीवालाही हेच करतो, फक्त तो आतल्या खोलीत नेऊन पडदा लावून करतो, म्हणून त्याचे पैसे होतात. त्यानं मला सांगितलं, “ताई, हे मॉडेल आता कोणी वापरत नाही.” मी म्हटलं, “मी वापरते ना.”

माझं दुसरं मत इंटरनेटविषयी होतं, आणि सगळा घोटाळा त्याच्यामुळे झाला. नळाला आपण कापड बांधतो. पाणी सगळ्यांचंच असतं, पण म्हणून गाळ घरात घेत नाही, आणि कापडाला कोणी जुलमी म्हणत नाही. तसंच तारेतून येणाऱ्या मजकुराचं असावं असं मला वाटे. निमित्त तुमच्या बंधूंचं झालं. त्यांच्या शाळासोबत्यांचा एक मेल-गट आहे. सगळे साठीला टेकलेले, कोणी वकील, कोणी बँकेतला, आणि जगात कुठे काय चाललंय यावरून एकमेकांना अशा शिव्या देतात की यांचा रक्तदाब जेवणाआधी वर जातो आणि जेवणानंतर खाली येत नाही. डॉक्टर म्हणाले, वाचणं बंद करा. हे म्हणाले, मग माझी बाजू कोण मांडणार. तेव्हा मी बाळाला गाठलं.

बाळानं जेवायला बसल्या बसल्या माझ्याशी वाद घातला. त्याचं म्हणणं, मजकूर अडवणं हे मुळातच चूक. “मामी, आज तुम्ही शब्द अडवाल, उद्या माणसं अडवाल,” म्हणाला. आणखी म्हणाला, “ज्याला शिव्या द्यायच्या असतात तो एक अक्षर बदलून देतो. अडकतो तो बिचारा भोळा माणूस.” मी त्याला आणखी वाढलं. दुसऱ्या वाढीनंतर त्याची तत्त्वं थोडी सैल झाली आणि ताट बाजूला सारून तो कॉम्प्युटरपाशी बसला. म्हणाला, “सांगा शब्द. ज्या मेलमध्ये यांतला एक जरी शब्द असेल ती थेट वेगळ्या कप्प्यात जाईल, तुम्हाला दिसणारही नाही. पण लक्षात ठेवा, यंत्राला अर्थ कळत नाही, फक्त अक्षरं कळतात.” मी म्हटलं, जाणाऱ्या मेललाही लाव, आपलंही तोंड स्वच्छ राहू दे.

आता शब्द कुठून आणायचे? आमच्या माहेरी वडील फार संतापले तर ‘अहो’ म्हणत, आणि ‘अहो’ अडवून चालणार नव्हतं. शाळासोबत्यांचे शब्द माझ्या जिभेवर येईनात. मग लग्नानंतर कानांवर पडलेले शब्द आठवायला बसले, तर ते आपोआपच ओळीनं येऊ लागले. मेला, मेली, मेलं. मुडदा. मरण. अवदसा, अवदसे. आगाऊ. चालू. ध्यान. बाळ टाइप करता करता थांबला, पडद्याकडे बघून इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि म्हणाला, “मामी, यादी ओळखीची वाटतेय.” मी म्हटलं, शब्द काय, सगळ्या घरांत सारखेच. खरंच सांगते वन्सं, तेव्हा माझ्या मनात तुम्ही नव्हता. बाळ दुसऱ्या दिवशी कामासाठी बाहेरगावी गेला तो महिनाभर तिकडेच. (तू तेव्हाच नीट सांगितलं असतंस तर? पण तुझं तरी काय, तोंडात घास होता.)

गाळणी बसली आणि घरात शांतता पसरली. मला रोज सकाळी नामस्मरणाचं एक वचन येत असे, ते यायचं थांबलं. मला वाटलं, मंडळाचे पैसे संपले असतील. देणगी मागतील म्हणून मी चौकशी केली नाही, आणि चौकशी केली नाही म्हणून देवाची क्षमा मागितली. पुढे कळलं की यंत्राला ‘नामस्मरण’ या शब्दाच्या पोटात ‘मरण’ दिसत होतं. ध्यानधारणेचा वर्ग अडला, कारण ‘ध्यान’. माणसाला बघून म्हणतात ते ध्यान वेगळं आणि देवापुढे लावतात ते वेगळं, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? आणि शाळासोबत्यांचा गट मात्र बिनबोभाट येत होता, कारण ते लोक शिव्या इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि मधे चांदण्या घालतात. रक्तदाब होता तिथेच राहिला.

मग एका दुपारी कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं, काही नाही. पीं पीं नाही, पंखा नाही. मी निदान केलं, वीज घेणारा डबा गेला. (त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. मॅट्रिक असले तरी नाव मला येतं.) तरी एकदा पाहावं म्हणून जमिनीवर चादर अंथरली, स्क्रू काढले, ब्रश फिरवला, पट्टी घासली, आतल्या वायरी एकेक काढून फुंकून पुन्हा बसवल्या. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. काही नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो आला, त्यानं तोंड पाडलं, नव्या मशीनचं पत्रक काढलं आणि म्हणाला, “मदरबोर्डच गेला, ताई.” मी म्हटलं, तुम्ही बसा, सरबत करते, आणि थंड पाण्यासाठी फ्रीज उघडला तर आत अंधार. सबंध घराची वीज कापलेली होती. दुरुस्तीवाल्यानं पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि सरबत न घेताच गेला.

वीज कंपनीच्या माणसाचं म्हणणं, बिल तीनदा मेल केलं. केलं होतंच, पण पहिली ओळ ‘चालू महिन्याचे देयक’. वीज परत जोडायचा आकार खर्चाच्या वहीत कुठल्या सदराखाली लिहावा कळेना, तेव्हा मी तो ‘शुद्धीकरण’ या सदराखाली लिहिला.

वीज आली त्याच संध्याकाळी तुमची मेल आली. तेवढी एकच आली. तिच्यात एक शब्द वावगा नाही. ‘सौ. वहिनींस नमस्कार. आपणांस पुन्हा तसदी देणार नाही. त्या घराला मी आता परकी आहे हे समजले. कळावे.’ तुमच्या बंधूंनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला, पुसला, आणि पुसतच राहिले. म्हणाले, “अक्कानं मला शिव्या न देता कधी पत्र लिहिलेलं नाही. काहीतरी फार बिनसलंय.” जेवले नाहीत. (भूक नाही म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.)

तेव्हा मला वीजवाल्याचं बोलणं आठवलं आणि मी तो वेगळा कप्पा उघडला. वन्सं, तुम्ही सगळ्या तिथे बसलेल्या होता. नामस्मरणाच्या, विजेच्या आणि ‘शस्त्रक्रियेची आगाऊ सूचना’ देणाऱ्या इस्पितळाच्या मधे तुम्ही, एकीखाली एक. ‘अगं मेले, डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, चार दिवस तुझ्याकडे येऊन पडते म्हणते, तुझ्या हातचे थेंब बरे, मेलं ते मांजर परत दुधापाशी, हट, अगं ऐकतेस ना.’ पुढची, ‘अगं अवदसे, उत्तर का नाही, बरी आहेस ना.’ तिच्या पुढची, ‘माझ्या भावाला काही झालं नाही ना, खरं सांग, मरण माझं, रात्रभर डोळा नाही.’ मग शिव्या कमी कमी होत गेल्या. कप्प्यातल्या शेवटच्या मेलमध्ये एकच ‘मेली’ उरली होती, तीही मला नाही, स्वतःला. बोललेलं सगळं टॅब्लेट लिहीत असल्यामुळे मधेच दार वाजल्याचं, तुम्ही कोणाला तरी ‘नाही, माझ्या भावाकडचं कोणी नाही आलेलं’ असं सांगितल्याचंही त्यात आलं आहे. मायेची होती तेवढी सगळी पत्रं माझ्या गाळणीनं अडवली, आणि ज्यात माया उरली नव्हती ते एक स्वच्छ म्हणून आत सोडलं.

हे सगळं समजावणारी मेल मी त्याच घटकेला तुम्हाला लिहिली. कोणते शब्द अडले ते नीट कळावं म्हणून सगळे शब्द लिहिले. ती दारातच अडकली, कारण गाळणी दोन्ही बाजूंनी लावायला मीच सांगितलं होतं. माझं नळाचं मत मी बदललेलं नाही. फक्त नळाला बांधायचं कापड मी माणसाच्या तोंडाला बांधलं, एवढंच.

तुमची खिडकीची खोली रिकामी केली आहे. तिथे कॉम्प्युटर ठेवला होता तो आता स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी गेला. (त्याच्या पंख्याला हे मानवणार नाही, पण ब्रश आहे.) पलंगाची उशी डाव्या डोळ्याच्या बेतानं लावली आहे. थेंबांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या आहेत. सोमवारी सकाळी तुमचे बंधू गाडी घेऊन येतील. ते बोलायचे नाहीत, नुसते दारात उभे राहतील. त्यांना जे म्हणायचं असेल ते तुम्ही आपल्या नेहमीच्या भाषेत म्हणा, म्हणजे त्यांची भूक परत येईल.

मांजरालाही आणा. त्याला काय म्हणतात ते मला आता पाठ आहे.

तुमची,
मेली

ता. क. (बाळा, हे तुझ्यापुरतं. तुमच्या माळ्यावर तुझा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय. त्यातली मेमरीची पट्टी माझ्या मशीनला चालते, मी नंबर पडताळून पाहिला आहे. ती आईच्या कपड्यांच्या पिशवीत सुती रुमालात गुंडाळून ठेव, प्लास्टिकमध्ये नको. हे पत्र मी त्यासाठी लिहिलं असा आईचा समज होता कामा नये. पण विसरू नकोस.)

ता. क. दुसरा. वन्सं, बाळानं वरचं वाचून दाखवलं असणारच, त्याचा मला भरवसा आहे. पट्टी नाही मिळाली तरी चालेल, तुम्ही या. यादीतले सगळे शब्द मी स्वतः बसून काढून टाकले. आता तिच्यात एकच शब्द आहे, ‘परकी’. तो घालून पुन्हा पत्र धाडलंत तर ते मला पोचणार नाही, मग मला बोल लावायचा नाही. बाळ म्हणेल, मामी, यानं ‘परकीय’ असलेलंही सगळं अडेल. अडू दे. शाळासोबत्यांची भांडणं त्यावरूनच असतात.