दचकणाऱ्या बाबांना

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला काही लिहावं असं वाटलं नव्हतं. आज लिहितेय, कारण तुमचा नातू अगदी तुमच्यासारखा ताठ झाला.

पाचवीच्या दिवशी आत्यानं त्याच्या कानाशी थाळी वाजवली. पोर पुढे भित्रं निघू नये म्हणून आपल्याकडे वाजवतातच. बाळ रडलं नाही. लाकडासारखं ताठ झालं, मुठी आवळल्या, ओठ निळे पडले. आत्या थाळी धरून तशीच उभी. म्हणाली, "ह्यो त दादावानी झालाय."

श्वास परत आला. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या नाकावर नुसती टिचकी मारली, तर मान झटक्यानं मागे गेली. पुन्हा मारली, पुन्हा गेली. दुसरी पोरं सरावतात, हा सरावत नाही.

म्हणे मज्जारज्जूतल्या पेशींवर प्रथिनांची इवली दारं असतात, एकेक दार पाच तुकडे जोडून झालेलं. 'शांत हो' असा निरोप आला की दार उघडतं आणि पेशी गप्प बसते. आपल्या घरात त्यातला एक तुकडा सदोष निघाला. दार धड उघडत नाही, म्हणून दचकलं की सगळं अंग ताठरतं. एवढंच! एवढ्यासाठी तुम्ही जन्मभर भिंतीला हात लावून चाललात? लग्नात बँजो सुरू व्हायच्या आत जेवून पळायचात? आई तुम्हाला माणूसघाणे म्हणायची. आम्हीही तो तुमचा स्वभावच समजलो.

गावातले टवाळ मागून टाळी वाजवायचे. तुम्ही हात पुढे न करता सरळ आडवे व्हायचात, आणि उठून त्यांच्याबरोबर हसायचात. का हसायचात, बाबा? एकदा तरी चिडायचं होतं!

ताठ झाल्यावर याची शुद्ध जाते ना, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही. त्याला सगळं ऐकू येतं. फक्त हलता येत नाही."

तेव्हापासून तुमचा शेवटचा दिवसच आठवतोय. उलव्याच्या साइटवर सळया कोसळल्या आणि तुम्ही जिन्यावरून डोक्यावर पडलात. धावून आलेल्यांना काकांनीच थांबवलं होतं. दहाव्याला रडत सांगितलं त्यांनी. "काय झाला नाय त्याला. उठंल आपसूक." तुम्ही ते ऐकलंत का? किती वेळ ऐकत होतात?

बाळाचं औषध सुरू आहे, पण श्वास कधीही अडकू शकतो, पहिलं वर्ष जपा म्हणतात. मी कुकर लावत नाही. वरून विमान गेलं की आधी त्याची छाती बघते. आज समोरच्या घरी हळद आहे. डीजेची गाडी आत्ताच येऊन उभी राहिली. खिडक्या लावल्यात, तो माझ्या मांडीवर झोपलाय.

डोकं आणि गुडघे पोटाकडे दुमडले की ताठपणा सुटतो, असं बाईंनी शिकवलंय. इतकं सोपं होतं, बाबा. वचन देते, मी त्याला दुमडीन, आणि अंग सैल पडेपर्यंत त्याच्या कानाशी बोलत राहीन. त्याला एकट्याला ऐकत पडू देणार नाही.

तुमची,
मनी