यादीतली दहावी जागा

सोमवार, ६ मार्च

नऊ वेबसाइट झाल्या. दहावी सापडत नाही. संपादकबाई जाताजाता म्हणाल्या, "सगळ्यांनी पाहिलेलंच काय दाखवायचं? मला माहीत नसलेली एक तरी आण. मग तुला कायम करण्याचं बोलू."

आमच्या मासिकात दर महिन्याला यादी असते – आवर्जून पाहाव्यात अशा दहा वेबसाइट. मांडणीला दहापैकी गुण, मजकुराला दहापैकी. मांडणी करणारा दादा वरचं पान पाहतो नि गुण देऊन मोकळा होतो. मी शेवटच्या पानापर्यंत जाते. तो हसतो. "परीक्षा आहे का तुझी?" असेलही. अर्धवट वाचून गुण देणं कॉपी केल्यासारखं वाटतं.

मंगळवार, ७ मार्च

बाबांनी विचारलं, दिवसभर काय पाहतेस? वेबसाइट, म्हटलं. "दुकानं?" नाही. "जाहिराती?" तशाही नाहीत. "मग माणसं तिथं जाऊन करतात काय?" धड सांगता आलं नाही. घरात शाळेत गेलेली मी पहिली, आणि एवढंही सांगता येऊ नये.

गुरुवार, ९ मार्च

सापडली! रफू करणाऱ्या एका बाईंची. साधं राखाडी पान, दोनशे बारा कपडे. चित्रावर बोट ठेवलं की कापड उलटतं, मागची बाजू दिसते – गाठी, चुकलेले टाके, सगळं. खाली दोनच ओळी, कपडा कुणाचा नि कसा फाटला. "कुंपणावरून उडी. गृहस्थ म्हणतात, आपोआप फाटला." दोनशे बाराही वाचले. जेवायचं राहून गेलं. दहा आणि दहा. इतके गुण मी आजवर कुणाला दिले नव्हते.

दादानं तीनदा उलटवून पाहिलं. म्हणजे आवडलं. संपादकबाई म्हणाल्या, "ही सगळ्यात वर घ्या."

मग मी त्या वेबसाइटवर मेल पाठवला – यादीत घेऊ का? ऑफिसचा फोनही दिला. दादानं कपाळाला हात लावला. "अगं, एखाद्याच्या घराचा रंग छान आहे म्हणायला घरमालकाची परवानगी काढतात का?"

शुक्रवार, १० मार्च

उत्तर आलं. "कृपया आमचं नाव घालू नका. इथे गर्दी नको आहे." खाली सही नाही.

शनिवार, ११ मार्च

गर्दी नको, तर मग सगळ्यांना दिसेल असं मांडलं कशाला? पण नको म्हणाल्यात. पण मीही गर्दीतलीच ना – कालपासून चारदा जाऊन आले. काही कळेनासं झालंय.

बाबांना सगळं सांगितलं. ते गवंडीकामाची थापी धूत होते. "विचारलंस ना? मग आता विचारलंच नव्हतं असं कसं वागणार?"

"पण बाबा, नोकरी?"

"ते मला काय कळतंय," म्हणाले, आणि धुतलेलीच थापी पुन्हा धुवायला लागले.

सोमवार, १३ मार्च

संपादकबाईंना मेल दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "विचारलंस कशाला? आता नकार कळल्यावर मला छापता येत नाही. नऊच जाऊ देत." माझी उमेदवारी आणखी सहा महिने. "तेवढ्यात कुठं विचारायचं नि कुठं नाही, ते शीक."

नीट वागले की वेडेपणा केला? सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. त्या रफूवाल्या बाई तरी निवांत असतील. एवढं एक धरून बसलेय.

बुधवार, २२ मार्च

ऑफिसात माझ्यासाठी फोन. त्याच रफूवाल्या बाई. वयस्कर आवाज, सावकाश बोलणं. "तुमची यादी दोनदा वाचून घेतली. आमचं नाव नाही आलं. तुमचा मेल आला त्याच दिवशी मी मुलाला म्हटलं होतं, हो म्हणून कळव. मेल तोच लिहितो. काम कुठं कमी पडलं, तेवढं सांगाल का?"