धाकटीला मोटेला जुंपायचं म्हणतात

६ मार्च ५५, रविवार

भिगवणच्या हॉटेलात डॉक्टरांशी पुन्हा वाजलं. विषय तोच. ते इंदापूरहून त्यांची अमेरिकन घेऊन येतात, मी जळोचीहून माझी विलायती, आणि चहा गार होईपर्यंत एकमेकांच्या गाडीला नावं ठेवतो. डॉ. म्हणाले, "शंकरराव, आठ सिलिंडर म्हणजे काय ते आत बसल्याशिवाय कळायचं नाही." बसलो होतो की! वळणावर माणूस या दारापासून त्या दारापर्यंत घसरत जातो. आणि नाकाडावर ते निकेल किती! म्हशीला नथ घातल्यासारखं दिसतं. अमेरिकन लोकांना गाडी करायची असते का दिवाणखाना, ते एकदाचं ठरवा म्हणावं.

माझी गाडी, म्हणजे आमची धाकटी, आठच हॉर्सपॉवरची, लढाईच्या आधीची. पण स्टिअरिंग धरलं की रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळतो. तर डॉ. म्हणतात, "खडे कळायला गाडी कशाला, अनवाणी चाला." यावर चांगलं उत्तर सुचलं, पण घरी पोचल्यावर.

डॉक्टरांनी विलायतेहून येणारं मोटारींचं मासिक दिलं. जर्मनांनी गेल्या साली शर्यतीची गाडी काढली तिची चाकंसुद्धा पत्र्यानं झाकलेली. याला म्हणतात डोकं! आपल्या देशी कारखान्यांनी काय केलं, तर विलायतेत जुना झालेला साचा आणून त्यावर नवा रंग. कुणाशी बोलावं हे? घरात तर धाकटीला सगळे डबडं म्हणतात.

९ मार्च

दादा बैलगाडीतून पंप घेऊन आला. नुसता पंप. इंजिन नाही. सोसायटीत डिझेल इंजिनाला नंबर लावलाय, ते म्हणे दिवाळीला मिळेल. मग पंप आत्ता कशाला आणला? विचारलं.

"इंजान हाय की घरात."

कुठं, म्हणून मी खुळ्यासारखा इकडंतिकडं बघतोय. दादानं गोठ्याकडं हात केला. गोठ्यापुढं धाकटी उभी.

जेवलो नाही.

१० मार्च

दादाचं म्हणणं: पाटाच्या पाण्याची पाळी लांबलीय, विहिरीवर एक मोट, तिच्या जोडीतला एक बैल लंगडतोय. खालच्या तुकड्यातला ऊस आत्ताच शेंड्याला पिवळा पडलाय. गाडीचं इंजिन काढून विहिरीवर बसवलं तर ऊस जगंल. सगळं खरं आहे. खरं आहे म्हणूनच जास्त डोकं फिरतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

भांडलो तरी. "मोटारीचं इंजिन पळायला केलंय, जागेवर भुंकायला नाही," असं म्हणालो. दादा म्हणाला, "पळून कुठं जातंय? भिगवणला. च्या प्यायला."

१३ मार्च, रविवार

भिगवणला गेलो नाही. लाज वाटली त्या वाक्याची.

रात्री जेवताना आबांपुढं विषय निघाला. आबा, आमचे वडील, शर्यतीच्या बैलांतले जाणते. तालुक्यात कुणाचा खोंड पळेल हे त्याच्या खुरांवरून सांगतात. मोटारीत मात्र आजवर एकदाच बसले, तेही टोपी धरून. त्यांनी निकाल दिला, "शंकर, आपल्यात रीत हाय. बैल पळतुया तवर त्यो शर्यतीचा. त्याला खुराक, त्याला झूल. पळायचा थांबला की मोटंला. तुजं डबडं कुनासंगं पळालंय आजवर?"

माझ्या तोंडून गेलं, "कुणालाही आणा."

दादा हसला. मला वाटतं तो त्याच वाक्याची वाट बघत होता.

१४ मार्च

ठरलं. यात्रेला माळावर बैलांच्या शर्यती सुटतात, त्यानंतर मोटारी. माझी आणि डॉक्टरांची. लिंबाच्या झाडापर्यंत जायचं, वळसा घालून परत. जिंकली तर धाकटीला दिवाळीपर्यंत कुणी हात लावायचा नाही. हरली तर मोटेला.

डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं नको म्हणतील. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "शेवटी एकदाचं!" यांच्या अंगात काय आहे कळत नाही. पेशंट लोक यांच्याकडं कसे जातात?

२० मार्च

सौ. म्हणाली, "थोरलीला कधी एवढं पुसलं न्हाई तुमी." थोरली म्हणजे ती स्वतः. थट्टेत म्हणाली, पण पुढचं थट्टेत नव्हतं. "ऊस वाळला तर धाकटीत बसून जायचं कुठं आपुन?"

फडकं पिळलं आणि दुसरं मडगार्ड पुसायला घेतलं.

२७ मार्च

वजन कमी करतोय. मागची बैठक काढली. सुटं चाक काढलं. मासिकात लिहिलंय की शर्यतीच्या गाडीला मोकळा श्वास लागतो. म्हणून बॉनेटच्या दोन्ही बाजूचे पत्रे काढले, कार्बोरेटरच्या तोंडावरची जाळीही काढली. आवाज असा सुटला की म्हैस दावं तोडून पळाली. दादा तिच्यामागं, आई दादामागं. मी मात्र खूश. पुष्कळ दिवसांनी.

डॉक्टरांची गाडी जड. सरळ रस्त्यात ती मला खाऊन टाकेल, पण लिंबाच्या वळणावर उसानं लादलेल्या बैलगाडीसारखी कलेल. तिथंच आत घुसायचं.

३ एप्रिल

पंच म्हणजे तात्या, आबांचे चुलतभाऊ. ते सकाळी अट घेऊन आले: घाटाकडं बैलांच्या पुढं घोडी पळवतात, तशी मोटारींच्या पुढं घोडी पाहिजे. "मोटारीला ईर्षा कशी यायची त्याबिगर?"

तात्यांना दुपारपर्यंत समजावलं. शेवटी घोडी रद्द. त्याऐवजी दोन्ही गाड्यांच्या चाकांखाली लिंबू, आणि नारळ बॉनेटवर नाही, दगडावर फोडायचा. नारळाचं कबूल करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ गेला. हे लोक मला ठार करणार आहेत.

खालच्या तुकड्याकडं गेलो नव्हतो चार-दोन दिवस. आज गेलो. पाला गोळा होऊन सुरळी झालाय. दादा एकटा मोटेवर, लंगड्या बैलाला शिव्या देत. मला बघून त्यानं मान फिरवली.

८ एप्रिल, यात्रा

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, नाहीतर झोप लागणार नाही.

माळावर ही गर्दी. इंदापूरकरांनी डॉक्टरांच्या गाडीला केळीचे खुंट बांधून आणलेले. तात्यांनी झेंडा पाडला. सुरुवातीला अमेरिकन पुढं, मी धुळीत. लिंबापाशी ती कलली, दोन चाकं उचलतात की काय असं वाटलं, आणि मी आतून घुसलो. घुसलो! डॉक्टरांचं तोंड बघायला मिळालं खिडकीतून. परत येताना मी पुढं, चांगला पुढं. एवढी सरळ, एवढी गुळगुळीत ती कधी पळाली नव्हती. मी मोठ्यानं ओरडत होतो, काय ते आठवत नाही.

आणि आपल्या लोकांची रीत! घरचा बैल पुढं दिसला की रेषेच्या आधीच गुलाल. दोन्ही बाजूंनी पुढं धावले. पहिली ओंजळ आबांची. फेटा सुटलेला, तोंडानं "आलं रं! आलं रं माजं!" आणि ओंजळ थेट बॉनेटवर. मागून पाटीच्या पाट्या. पत्रे नाहीत, जाळी नाही. कार्बोरेटरनं सगळा गुलाल ओढून घेतला. खोकली. एकदा मोठ्यानं शिंकली आणि बंद पडली. रेषा एवढी जवळ होती की तात्यांच्या हातातल्या झेंड्याचं ठिगळ दिसत होतं.

डॉक्टरांची पलंगगाडी शेजारून गेली. आवाजसुद्धा नाही हो त्या गाडीला!

माझं सगळं तोंड गुलाबी. लोकांना वाटलं मी जिंकलो. काहींनी खांद्यावर घ्यायला सुरुवात केली होती.

९ एप्रिल

डॉ. सकाळी घरी आले. चांगला माणूस आहे, कबूल करायला जीव जड होतो. आबांना म्हणाले, "ही शर्यत मी धरत नाही. गुलालाशी हरली ती, माझ्या गाडीशी नाही. पुन्हा पळवू." मग माझ्याकडं वळून, "पण जाळी काढायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमच्या मासिकानं."

"त्या मासिकाच्या गावात गुलाल उधळत नाहीत, शंकरराव."

आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मला वाटलं, हो म्हणतील. म्हणाले, "डाक्टर, बैल हरला की गुलालाला नावं ठिवायची नसत्यात."

माझ्याकडं मात्र बघितलं नाही. काल रात्रीपासून एकदाही बघितलेलं नाही. ओंजळ त्यांचीच पहिली होती, हे त्यांना माहीत, मला माहीत. आम्ही दोघं ते कुणालाच सांगणार नाही. राग येतो. मग त्यांचा सुटलेला फेटा आठवतो आणि राग धरून ठेवता येत नाही, त्याचाही राग येतो.

१२ एप्रिल

दादाला सांगितलं, बोल्ट गंजलेत, सुटत नाहीत.

१३ एप्रिल

पुन्हा तेच सांगितलं. पाना लावलाच नव्हता.

१५ एप्रिल

लंगडा बैल बसला तो उठेना. मोट थांबली. दुपारी दादा माझ्याकडं आला. मला वाटलं शिव्या देईल. ओट्यावर बसला, पायताण काढलं, म्हणाला, "शंकऱ्या, बोल्ट सुटत नसतील तर राहू दे. खालचा तुकडा सोडून देऊ. वरचा तरी जगवू."

भांडायचं सोडून हा माणूस असं बोलायला लागला तर काय करायचं? मी पाना घेऊन गेलो. बोल्ट लोण्यासारखे सुटले. दादा शेजारी उभा होता, त्यानं बघितलं.

इंजिन उतरवायला आठ माणसं आली. एकजण म्हणाला, "हलकंच हाय की." त्याला हाकलून दिला.

१८ एप्रिल

विहिरीवर बसवलं. गिअरबॉक्सच्या मागं पुली, पुलीवरून पट्टा पंपाला. रेडिएटर फुकट तापतो म्हणून पंपाचंच पाणी इंजिनातून फिरवलं. डॉक्टरांनी येऊन जोडणी बघितली, "झकास" म्हणाले. एवढ्या वर्षांत धाकटीबद्दल पहिला चांगला शब्द, आणि तो कधी, तर तिला चाकं नसताना.

पण रॉकेल! पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर टाकायची, दादाचा हुकूम. धूर असा की विहिरीतले पारवे उडाले. ज्या तोंडात मी गाळल्याशिवाय पेट्रोल घातलं नाही त्यात रॉकेल. तिथून निघून आलो.

सौ. सांगत आली की खालच्या तुकड्यात पाणी पोचलं. तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते. हसत होती. मीही हसलो, उगाच कशाला तिच्यावर राग काढा.

२४ एप्रिल, रविवार

डॉ. त्यांच्या गाडीतून न्यायला आले होते भिगवणला. नको म्हणालो. त्या दिवाणखान्यात पाहुण्यासारखा बसून मी चहाला जाणार नाही.

विहिरीवर गेलो. आबा इंजिनाजवळ बसलेले, उपरण्यानं झाकण पुसत. मला बघून थांबले नाहीत. म्हणाले, "पळतंय बघ झ्याक."

"जागेवर पळतंय, आबा."

"पानी तर फुडं जातंय न्हवं?"

बसलो शेजारी. दोघंही इंजिनाचा आवाज ऐकत होतो. मग त्यांनी विचारलं, माझ्याकडं न बघता, "दिवाळीला सोसायटीचं इंजान आलं, की ह्ये परत गाडीत बसतंय का रं?"

"बसतं."

"मग गाडी उन्हात कशापायी हुबी केलीस? रंग जाईल की तिचा. गोठ्यात वढ."

"गोठ्यात बैल आहेत, आबा."

"बैल बाहीर बांधू."

दादा पाटाच्या कडेला फावडं घेऊन उभा होता. त्यानं ऐकलं असणार. मातीचं बारं मोडून त्यानं पाणी पुढच्या सरीला लावलं.

संध्याकाळी सगळ्यांनी मिळून गाडी गोठ्यात ढकलली. दिवाळी लांब आहे, आणि सोसायटीचं काही खरं नसतं.