सातव्या पाकिटावरचं लेबल

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय अंतरा,

परवा फोनवर तू रडलीस. चहाचा चोथा भट्टीत जाळून तू जो कोळसा करतेस, त्यात मी पाठवलेल्या चोथ्याच्या पहिल्या सहा पाकिटांपर्यंत झकास वीज साठली आणि सातव्यापासून सगळं बिनसलं. भट्टी तीच, तापमान तेच. दोन महिने तू तोच प्रयोग पुन्हापुन्हा करतेयस आणि तुझ्या मॅडम विचारतात, आधीचे आकडे तरी खरे होते का? एवढं ऐकूनही मी 'होईल गं नीट' म्हणून फोन ठेवला. फोनवर माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही, म्हणून लिहायला बसलो.

इथलं काय सांगू? समोरचे हंबीरराव लेकाकडे पुण्याला गेले, कायमचे. आता पेठेत मला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. करमत नाही गं. पेपर दोनदा वाचतो, छोट्या जाहिरातींसकट.

तू बंगळूरहून तुझ्या संशोधनासाठी पहिल्यांदा चोथा मागितलास तेव्हा आई किती हसली होती! एवढं शिकवलं ते उकिरडा उपसायला काय, म्हणाली. पण दुसऱ्याच दिवसापासून चोथा तीन पाण्यांनी धुऊन गच्चीवर वाळवायला लागली. तिचा चहा तुला माहीत आहे, कोरा उकळून गाळायचा आणि दूध वरून. पाकिटावर लेबल मात्र मी लावायचो. एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना लेबलं लावलेला माणूस मी, ते काम दुसऱ्याला देईन होय? तारीख नसलेली बाटली कपाटात ठेवू दिली नाही म्हणून एकदा प्राध्यापकांशी भांडलो होतो. ते महिनाभर बोलत नव्हते.

मार्चात आई गेली. दिवस झाल्यावर निघताना तू विचारलंस, अप्पा, चोथा पाठवणं जमेल का? मी म्हटलं, न जमायला काय झालं, दोन वेळचा चहा होतोच की. तू निर्धास्त होऊन गेलीस.

कोपऱ्यावर बायडाबाईची चहाची टपरी आहे. सकाळ-संध्याकाळ मी तिथंच असतो. पहिल्यांदा डबा पुढं केला तेव्हा ती म्हणाली, पावणं, ह्या चोथ्याचं करता काय वो? मी ऐटीत सांगितलं, माझी लेक ह्यातून वीज साठवायचं यंत्र करते, मिनिटात मोबाइल चार्ज होईल असं. मग माझ्या म्हशीच्या शेणाचं इमान बी आभाळात उडंल की, म्हणाली. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसलो.

अंतरा, तुझे आधीचे आकडे खरे आहेत. तुझा हातही चुकलेला नाही. सात, आठ आणि नऊ नंबरच्या पाकिटांवर मी 'घरचा चोथा' लिहिलं, ते खोटं आहे. तो बायडाबाईचा चोथा, दिवसभर दुधासाखरेत उकळलेला. तीनदा धुतला आणि चोथा तो चोथा अशी मनाची समजूत घातली. हे पत्र मॅडमना खुशाल दाखव. मला माफ कर. खरं लिहिलं असतं, तर टपरीवरचा का, असं तू विचारलं असतंस. मग सांगावं लागलं असतं, की आई गेल्यापासून आपल्या घरात गॅस पेटलेला नाही.

तुझाच,
अप्पा